विहिरीला दटावणारी मरजानबी

फार फार वर्षं झाली. खाडीकाठच्या कोंडवलीत पायऱ्यांची एक विहीर होती, आणि घराघरात नारू होता. नारू म्हणजे सुतासारखा लांब किडा. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि आतून तो पांढरा दोरा डोकं काढायचा. आग अशी, की पायात निखारा भरलाय! मग माणूस खालच्या पायरीवर बसायचा आणि पाय पाण्यात सोडायचा. गार वाटायचं मेल्याला. त्याच पाण्यात त्याच्याच बायकोची घागर बुडायची!

अशा गावात गलबतातून मरजानबी उतरली. समुद्रापल्याडच्या हबशांच्या मुलखातली. धिप्पाड बाई. तिनं हाक मारली की खाडीपलीकडची गुरं माना वळवायची, असं म्हणतात. तिच्या मुलखातही हाच नारू गावंच्या गावं लोळवायचा. तिची आई त्यानंच खाटेला खिळली आणि खाटेवरच गेली. म्हणून पाण्यात सोडलेला पाय दिसला आणि मरजानबी पेटली.

"काढ पाय! पोरांच्या पोटात किडा घालतोस?"

गावचा धनी विसाजी खोत हसला. "अगं, पाणी आसरांचं, जलदेवतांचं. पाण्यानं कुठं नारू होतो? मागल्या जन्मीचं पाप असतं ते."

"मग पाप गाळून बघू!"

वरच्या आळीच्या बाया तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. लुगड्याची घडी घागरीच्या तोंडाला बांधून, गाळूनच पाणी प्यायचं ठरलं. खालची आळी खोताची. तिनं नाक मुरडलं. कुणीतरी बोललंच, "हबशीण जादू करील आणि वरच्यांना राखील."

"जादू असली तर आधी मी वाचेन ना? मी तुमच्यासारखंच पिते, न गाळता. मग तर झालं?"

"वरच्या आळीत एक जरी नारू निघाला," खोत म्हणाला, "तर तुला गलबतात बसवीन."

नारू वर्षभर अंगात दडून बसतो. गाव श्वास रोखून बसलं. पुढचा उन्हाळा आला आणि काय सांगावं! खालची आळी लंगडू लागली, खोतासकट. वरच्या आळीत फोड नाही! बायांनी घागरी बडवल्या, पोरं नाचली.

आणि मरजानबीची टाच फुटली. तिचा नारू हातभर नव्हे, पुरुषभर लांब होता, असं म्हणतात. ती वरच्या पायरीवर बसली, दात आवळून.

खोत काठी टेकत आला. "जिंकलीस बाई. उतर आता, घाल पाय पाण्यात."

"आणि प्यायचं कुणी ते? तुझ्या नातवानं?"

तेवढ्यात विहिरीला दया आली, असं म्हणतात. पाणी चढू लागलं. एकेक पायरी बुडवत ते तिच्या पायाशी आलं. मरजानबीनं पाय पोटाशी घेतला आणि कडाडली, "मागे हो गं! तुला बाटवायला आले का मी?"

आणि पाणी मागे गेलं! भर उन्हाळ्यात, साऱ्या गावादेखत.

खोतीण रडत उठली. दोरानं बादली ओढली, मरजानबीला विहिरीपासून लांब नेऊन बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायावर पाणी ओतलं. त्या दिवसापासून दोन्ही आळ्या गाळून पिऊ लागल्या. कोंडवलीचा नारू संपला.

आजही कोंडवलीत कुणाच्या पायाला जखम झाली, तर तो विहिरीवर जात नाही. शेजारी त्याच्या दारात बादली ठेवतात आणि हाळी देतात, "मरजानबीचं पाणी आलंय!" भांडण असलेला शेजारीही ठेवतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही.