शून्य घड्या

“...आणि दोनचा शून्यावा घात एक कसा, असं विचारते ती. दोन घेतलेच नाहीत, मग एक आला कुठून? आता हिला काय सांगायचं, माय?”

गिरिजामाय दोरीवरच्या वाळलेल्या चादरी काढत होत्या. संन्यास घेण्याआधी उभा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. श्रीहर्ष त्यांचाच विद्यार्थी. सुवर्णपदक घेऊन आता मठाच्या शाळेत लागला होता.

“तू काय सांगितलंस?”

“नियम आहे म्हटलं. पाठ कर.”

“मग?”

“म्हणाली, नियम कुणी केला? सगळा वर्ग हसला. मग मी... बाहेर काढलं तिला.”

माय दोरीवरची पुढची चादर ओढू लागल्या.

समोर वसतिगृहाच्या पायरीवर तीच मुलगी, बायजा, बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळच्या गाडीने बाप न्यायला येणार होता. मला नाही शिकायचं, असा निरोपच तिने घरी धाडला होता.

“बाकीचे तरी काय दिवे लावतात! दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा दुसरा घात. घातांकांची बेरीज करा, पाच. घसा बसला सांगून. तरी सगळे सहावा घात लिहितात. दमलो, माय.”

“मी पण दमले. हे टोक धर.”

त्याने धरलं. माय टोक घेऊन पुढे आल्या, तर हा जागचा हलेना. चादर मधोमध मातीत लोळली.

“घरी कधी घडी घातलेली दिसत नाही.”

“ती घालते.” लग्न नवं होतं. श्रीहर्ष जरा ओशाळला.

“तरीच.”

पहिली घडी पडली.

“पदर किती झाले?”

“दोन.”

दुसरी. “चार.” तिसरी. “आठ.” हे काय बालवाडीतलं, असा त्याचा चेहरा.

“आणखी दोन घाल.”

त्याने घातल्या. चादरीची जाडजूड उशी झाली.

“पदर?”

“बत्तीस.”

“घड्या?”

“आधी तीन, मग दोन... पाच.”

“सहा नाहीत?”

“सहा कशा होतील? मी आत्ता या हातांनी...”

तो थांबला. हातांकडे बघत राहिला. पदर दर घडीला दुप्पट होत गेले होते. घड्या मात्र एकीत एक मिळतच गेल्या होत्या. वर्गात त्याने हे कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

मायने उशी काढून घेतली आणि एक घडी मोडली. सोळा पदर. मग आठ. चार. दोन. शेवटचीही त्यांनी मोडली.

चादर ओट्यावर सपाट पसरली.

“आता घड्या?”

“शून्य.”

“आणि पदर?”

वाऱ्याने चादर फुगली, पुन्हा खाली बसली.

“...एक.”

तो पायरीकडे बघू लागला.

“बरोबर विचारलं होतं तिने, माय.”

“हं.”

मग त्याने चादर उचलली, आणि नुकतीच आलेली विद्या म्हणून घाईघाईने टोकाला टोक जुळवू लागला.

मायने त्याचा हात धरला.

“तशीच ने. घड्या तिला घालू दे.”