कोंडाईला ऐकू जाईल असं

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. कातळवेढे गावात कोंडाई नावाची सुईण होती. गावातला एकूण एक पुरुष तिच्याच हातांवर जन्मला होता, असं म्हणतात.

त्या गावच्या साळूला लग्नाआधीच दिवस गेले. मूल झालं आणि सगळे पुरुष चावडीवर जमले. एकेकटे असताना साळूच्या वाटेवर घुटमळणारे हेच, घोळक्यात आले की गावाच्या अब्रूचे राखणदार! पाटील म्हणाला, "हिला लेकरासकट शिवेबाहेर काढा."

कोंडाई कडाडली, "आणि बापाला? इथंच बसलाय तो तुमच्यात. ऊठ म्हणावं त्याला!"

कुणी उठलं नाही. कुणी मिशीवरून हात फिरवला, कुणी वहाणेची माती झटकली.

"तुम्हा सगळ्यांना मी पायाला धरून उलटं केलंय, पाठीत चापट मारून रडवलंय. तेव्हा तोंड उघडत होतं की रे! आता काय शिवलंय का?"

कोंडाई थुंकली, आणि साळूला न् बाळाला घेऊन डोंगरातल्या कपारीत राहायला गेली. गावानं त्यांना पाणी बंद केलं, तर कपारीतूनच झरा फुटला, असं म्हणतात.

पुढं पाटलाची सून बाळंतपणात अडली. तेच पुरुष तिची डोली घेऊन डोंगर चढले, हात जोडून उभे राहिले. कोंडाईनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. पण साळूच म्हणाली, "बाईचा काय गुन्हा? सोडव तिला."

मुलगा झाला, पण रडेना. चापट मारली, पाणी शिंपडलं, तरी नाही. निळा पडू लागला. कोंडाईनं त्याला सगळ्यांसमोर धरलं. "काहीतरी गिळून बसलंय कुणी. ते बाहेर आल्याशिवाय हा श्वास घ्यायचा नाही."

पाटलाचा मुलगा रायाजी, त्या बाळाचा बाप, पुढं आला. पाटलानं त्याचा दंड धरला, "गप बस!" त्यानं हात झटकला, पुटपुटला, "साळूचं लेकरू माझं आहे."

"मोठ्यानं!"

रायाजी ओरडला. त्याबरोबर बाळानं असा टाहो फोडला, की खाली गावात गुरांनी दावी तोडली, असं म्हणतात.

साळूनं रायाजीकडं पाहिलंही नाही. "एवढं बोलायला तुला दुसरं लेकरू मरणाला टेकवावं लागलं," म्हणाली. ती गावात परत कधी उतरली नाही.

कातळवेढ्यात अजून मूल झालं, की आधी बापाला त्याचं तोंड दाखवत नाहीत. त्यानं चावडीवर जायचं आणि सगळ्यांदेखत ओरडून सांगायचं, "लेकरू माझं आहे!" आवाज जरा खाली गेला, तर बायका त्याला दारातून माघारी पाठवतात. म्हणतात, "जा परत. कोंडाईला ऐकू नाही गेलं."