जिना उतरणारा निकाल

लिनक्स ही फुकट मिळणारी, आतून कोणालाही वाचता येणारी कॉम्प्युटर सिस्टीम तेव्हा नवीनच होती. गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजात ती आणली लॅब सांभाळणाऱ्या वृषाली टेंभेकरने. चाचणीचा निकाल छापायला घेतला, तर प्रत्येक ओळ आधीची संपली तिथूनच, खाली, सुरू होऊ लागली. निकाल जिना उतरत कागदाबाहेर गेला.

प्राचार्य घोरपडे म्हणाले, "शनिवारी हे फुकटचं काढून टाका. कंपनीचं विकत घेऊ."

वृषालीने छपाईचा प्रोग्राम उघडून वाचला, चूक दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती मूळ लिहिणाऱ्याला ईमेलने परदेशी कळवली. त्याने ती लगेच प्रोग्राममध्ये घेतली. शनिवारी निकाल सरळ छापून आला.

तरीही प्राचार्यांचं समाधान होईना. "उद्या परत बिघडलं तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं? कंपनीला निदान नाव-पत्ता असतो."

वृषालीने प्रोग्रामचं पहिलं पान छापून त्यांच्यापुढे ठेवलं. तो लिहिणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या तिघांची नावं तिथे पत्त्यांसकट होती. तिसऱ्या पत्त्यापाशी प्राचार्यांचं बोट थांबलं, कारण तो त्यांच्याच कॉलेजचा होता.

"पहिली दोन डोकी लांब आहेत, सर," वृषाली म्हणाली. "तिसरं तुमच्यासमोर उभं आहे. खुशाल फोडा."