दर्याची साक्ष

"उद्या समुद्राला साक्षीला उभा कर, नाहीतर होडी तांडेलाची!" राजाने हुकूम सोडला आणि चांगुणा कोळणीच्या म्हाताऱ्या बापाने कपाळाला हात लावला.

होडी होती म्हाताऱ्याचीच. बरोबर मासेमारीला आलेल्या नागोजी तांडेलाने त्याला पाण्यातल्या काळ्या खडकावर उतरवलं आणि होडी पळवली. भरतीत वाहत गेलेला म्हातारा नशिबाने किनाऱ्याला लागला. नागोजी मात्र दरबारात छाती काढून सांगत होता, "होरी म्हाताऱ्यानं मला खुशीनं दिली. सोता खडकावर वारा खायला उतरला. तो खडक कंदी बुडत नाय, महाराज! साक्षीला दर्या होता, त्यालाच इचारा!"

राजा पडला घाटावरचा. समुद्र त्याने पाहिलेला तो राजवाड्याच्या खिडकीतून. शिवाय एकदा बोलला की बोलला!

चांगुणा म्हणाली, "आनते की! पन दर्या काय तुमचे जिने चढत नाय. दरबार किनाऱ्यावर पुळणीत भरवा, आन् तांडेलाला त्याच खडकावर बसवा. जागेवरच जबानी होऊन जाऊ दे!"

नागोजीचं तोंड उतरलं. पण खडक बुडत नाही म्हणून सांगितल्यावर आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवशी अमावास्या. शिपायांनी त्याला खडकावर नेऊन सोडलं. वाळूत राजाची खुर्ची मांडली. दुपारपर्यंत उधाण आलं आणि पाणी राजाच्या पोटऱ्यांना लागलं.

"महाराज, उठावं!" प्रधान धोतर सावरत म्हणाला.

"साक्षीदार आत येतोय आणि आम्ही उठू? खाली बसा!"

बिचारा पाण्यात बसला.

तिकडे नागोजी छातीपर्यंत बुडाला होता. "होरी धाडा! मेलो!"

चांगुणा ओरडली, "कुनाची धाडू?"

"म्हाताऱ्याची!"

"ती तर तुजी ना?"

"नाय गो माय! तुज्या बापाचीच! मीच चोरली! मीच त्याला हितं मरायला सोडला!"

म्हाताऱ्यानेच होडी नेऊन त्याला काढला. वाटेत शिव्या हासडल्या त्या वेगळ्याच.

"साक्ष पटली!" राजा गरजला. "साक्षीदाराला भत्ता काय द्यायचा?"

"त्यानं घेतला बी, महाराज. पायांकडं बघा!" चांगुणा म्हणाली.

राजाचे जरीचे जोडे लाटांवर डोलत निघाले होते. राजा असा खदखदून हसला की खुर्चीसकट आडवा झाला. त्याने होडी म्हाताऱ्याला दिली, नागोजीला तिच्यावर तीन वर्षं बिनपगारी वल्ही मारायला बसवलं, गळ्यातला कंठा चांगुणाला घातला आणि हसत हसत अनवाणीच राजवाड्याकडे निघाला.