दहा शेअरांचा एक

मिरजेच्या मालिनीताई शिरगुप्पे यांनी अठरा वर्षांपूर्वी नर्सच्या पगारातून एका पाइप कंपनीचे हजार शेअर वीस रुपये भावानं घेतले होते. भाव घसरत घसरत चार रुपयांवर आला. मग कंपनीनं दहा शेअरांचा एक केला. ताईंच्या हजार शेअरांचे शंभर उरले आणि भाव झाला चाळीस.

वार्षिक सभेला दुखरा गुडघा सांभाळत ताई नेहमीसारख्या शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसल्या. चेअरमन कारखानीस माइकवर गरजले, "शेअर चारावरून चाळीसावर नेला! दसपट! आता माझी पगारवाढ मंजूर करा. अनुमोदन कोण देतंय?"

बटाटेवड्यांच्या पुड्या आल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष दाराकडे होतं. ताई खुर्चीला धरून उठल्या.

"माझं अनुमोदन. साहेबांचाही पगार दसपट करा."

साहेबांची कळी खुलली.

"मात्र आमचा भाव वाढवलात त्याच रीतीनं," ताई म्हणाल्या. "दर महिन्याला पगार द्यायचा नाही. दहा महिन्यांचा साठवून एकदाच द्यायचा. आकडा बरोब्बर दसपट दिसेल."

"अहो, पण त्यात मला जास्त काय मिळालं?" साहेब चालू माइकवरच ओरडले.

वड्यांकडे निघालेले लोक जागच्या जागी थांबले. वर झालेले दोन-चार हात हळूच खाली आले.

"एवढंच विचारायला आले होते," गुडघा चोळत खाली बसताना ताई म्हणाल्या. "तुम्हीच विचारलंत, माझा त्रास वाचला."