मुदपाकखान्यातल्या मोळ्या

“पंधरा दिवसांत सांगा, माझ्या राज्यात पुन्हा जंगल कुठे कुठे उभं राहू शकेल! सगळ्या राज्यात! नाही जमलं तर पागोटं उतरवा आणि घरी जा!”

महाराजांचा हा हुकूम मला झाला, कारण राज्याचा वनाधिकारी मी, त्रिंबकपंत. पदाला शोभेल असं पागोटं माझ्याकडे होतं. पागोट्याच्या आत काय होतं ते पुढे कळेलच. मी पालखीतून निघालो. बारा दिवसांत तीनशे गावांपैकी चार पाहिली. त्यांतल्या दोन गावांत जेवण असं फक्कड होतं की पाहणी राहूनच गेली!

चौदाव्या दिवशी मी मुदपाकखान्यामागे तोंड लपवून बसलो होतो. तिथे चिमाबाई लाकडं फोडत होती. प्रत्येक गावाने राजाच्या चुलीसाठी दर आठवड्याला सरपणाची एक मोळी द्यायची, असा रिवाज होता. वीस वर्षं त्या मोळ्या तीच उतरवून घेत होती.

“पंत, रडताय व्हय?”

“छे! धूर गेला डोळ्यांत.”

“चूल अजून पेटायचीय!”

मग मी खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली, की कुऱ्हाड खाली ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात त्या आठवड्याच्या मोळ्यांचे चार ढीग लावले.

“महाराज, ज्या गावांनी जाड ओंडके धाडले, तिथं जंगल उभं हाय. या काटक्या बघा. झाडं तुटली, पण बुंध्याला फुटवे येत्यात, लोक तेच कापत्यात. तिथं काही लावू नका, नुसती कुऱ्हाड थांबवा! ही खणून काढलेली मुळं. तिथं नवी रोपं लावावी लागतील. अन् ज्यांनी गोवऱ्या धाडल्या, त्यांच्याकडं मुळंबी उरली न्हाईत, तिथं आधी बांध घालून माती धरा. तीनशे गावं, तीनशे मोळ्या!”

मी पाहिलेली चार गावं तीन वेगवेगळ्या ढिगांत निघाली. माझ्या कागदावर चारही ‘रमणीय’ होती.

महाराजांच्या भुवया चढल्या. “कुऱ्हाड थांबवली तर माझा स्वयंपाक कशावर शिजणार?”

मी डोळे मिटले. चिमाबाईने मात्र कमरेवर हात ठेवला.

“तुमच्या ताटासाठी रोज एकवीस पदार्थ शिजत्यात, अन् तुम्ही खाता चार. उरलेल्या सतरांपायी रान जळतंय. चारच शिजवा!”

मग महाराज पोट धरून हसू लागले. “म्हणजे माझं जंगल मीच खाल्लं की!”

काटक्यांच्या गावांना मोळी माफ झाली. माझं पागोटं चिमाबाईला मिळालं आणि मला तिच्या हाताखाली नेमलं. पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात विचारलं, “बाई, पाहणीला कुठून सुरुवात करू?”

“आधी झाडं ओळखायला शिका, पंत!”