बद्द वाजणारी फळी

"पण महाराज, त्या दोघांत जाणकार कोण, हे काय विचारायला हवं?"

विश्वंभर हातावरचा डांबराचा डाग पुसत होता. मठाची होडी त्यानं दीड महिना खपून रंगवली होती. रविवारी तिच्यातून देवाची पालखी आणि चाळीस माणसं पैलतीरी जायची होती. स्वारी भलतीच खुशीत होती.

"कोण काय म्हणालं?" त्याच्या गुरूंनी, आत्मगिरी महाराजांनी विचारलं.

"पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, होडी ठणठणीत आहे. शिकलेला माणूस! आणि ती नावाड्याची गोजराबाई... बोटांनी तळ ठोकत बसली. म्हणे, 'खालची फळी बद्द वाजतीया.' अक्षरशत्रू बाई, तिला काय कळतंय?"

"आणि बाई ठणठणीत म्हणाली असती, साहेब कुजकी म्हणाले असते, तर?"

"तर म्हणालो असतो, साहेबांनी होड्या पुस्तकात पाहिल्यात. बाईचा जन्म नदीवर गेलाय."

फटकन बोलून गेला... आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

महाराज उठले. काठावरच्या होडीत जाऊन बसले.

"लोट पाण्यात."

विश्वंभरचे हात होडीला लागले, पण लोटवेना. त्याला स्वतःची लाज वाटली. धावत जाऊन त्यानं पोती शिवायचं दाभण आणलं आणि महाराजांच्या पायाशी, तळाच्या फळीत टोचलं.

दाभण लोण्यात जावं तसं आरपार गेलं. त्याच जागी त्यानं रंगाचे तीन हात दिले होते.

"उतरा महाराज," तो कसाबसा म्हणाला. "आधी फळी बदलतो."

चार दिवस तो होडीजवळून हलला नाही.

रविवारी झांजांच्या गजरात होडी पैलतीराला लागली. चाळीस माणसं, पालखी, गुलालच गुलाल. तळाशी थेंबभर पाणी नव्हतं. वल्ह्यावर गोजराबाई होती.

विश्वंभरला आनंदानं रडू आवरेना. सगळ्यांदेखत त्यानं बाईच्या पायावर डोकं ठेवलं.

"आता गं बया! उठा की, दादा," ती पाय मागं घेत म्हणाली.

"जिंकलो, महाराज!" तो ओरडला. "खरा जाणकार सापडला. यापुढं ही म्हणेल तेच खरं!"

आत्मगिरी महाराजांनी दाढीतला गुलाल झटकला.

"मग ते दाभण टाकून दिलंस की काय?"